धुवायचे राहिलेले रोल

आजीच्या पायाला भिंगरी होती. मालवाहू बोटीवर ती स्वयंपाकी होती. बावीस पुरुषांचं जेवण एकटी रांधायची, तेही पातेली दोरीने बांधून, कारण समुद्र खवळला की उकळतं पातेलं छताला भेटून यायचं. वर्षा-दोन वर्षांनी महिनाभर घरी यायची, उन्हाने रापलेली, आणि चपला काढता काढताच सुरू व्हायची, "एकदा काय झालं, बर्फात बोट अडकली. सतरा दिवस! कप्तान रडकुंडीला आलेला. मग मी काय केलं…"

"काय केलंस?"

"ते फोटो धुतल्यावर!"

हे तिचं ठरलेलं. कॅमेऱ्याचे भरलेले रोल ती आपल्या मुलीच्या, म्हणजे नातीच्या आईच्या, हवाली करायची. "सांभाळ गं. कायमची घरी आले की सगळे एकदम धुवून घेऊ. एकेक फोटो दाखवीन, एकेक गोष्ट सांगीन." पहिला रोल मिळाला तेव्हा आई आठ वर्षांची होती आणि आत्याच्या घरी वाढत होती. शेजारणी आजीला भटकभवानी म्हणायच्या. "काय गं, तुझ्या आईला घरचा पत्ता आठवतो ना?" असं विचारून हसायच्या. आई फणकाऱ्याने म्हणायची, "कुठे होती ते फोटोत दाखवणारेय ती."

साठी उलटली तरी आजी बोटीवरून उतरेना. शेवटी उतरवलं ते अर्धांगवायूने. वाचा गेली ती गेलीच. तीन वर्षं भिंतीकडे बघत पडून राहिली आणि मागच्या महिन्यात गेली. मग आईने पेटीतले एकेचाळीस रोल काढून नातीपुढे ठेवले.

"धुवून आण. मला टाकून जावं असं काय होतं तिथे, ते एकदा डोळ्यांनी बघू दे. मग माझं तिच्याकडे काही मागणं नाही."

असे रोल धुणारा गावात एकच म्हातारा फोटोग्राफर उरला होता. त्याच्याकडे रोल देऊन आठवडा झाल्यावर, तान्ह्या लेकीला आईच्या मांडीवर ठेवून नात दुकानात गेली. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि धुतलेल्या फिल्मची एक पट्टी दिव्यासमोर धरली. काळी ठिक्कर.

"सगळ्या अशाच, बाई. हे रोल उघडले कुणी?"

"कुणी नाही हो. आईने जिवापाड जपलेत."

"असं कसं? प्रत्येक डबीचं टोपण उचकटलेलं आहे. आतली फिल्म उजेडात बाहेर काढली की संपलं."

नातीला लहानपण आठवलं. दर उन्हाळ्यात गच्चीवर गाद्या-रजया वाळत पडायच्या. त्यांच्या शेजारी आई मऊ चादर अंथरायची आणि त्यावर या पट्ट्या पसरायची, बुरशी लागू नये म्हणून. तलम फडक्याने अलगद पुसायची, पुन्हा गुंडाळून डबीत घालायची. "टोक धर गं. ओढू नकोस हं, आजीचं जग आहे ते." टोक धरायला नातच असायची.

"आत फोटो होते का, एवढं तरी कळेल?"

"होते की नव्हते, ते आता कुणालाच सांगता येणार नाही," म्हातारा म्हणाला आणि सगळ्या पट्ट्या पिशवीत भरून देऊ लागला. नातीने त्या घेतल्या नाहीत.

घरी आई चष्मा पुसून, बाळाला थोपटत, दाराकडे तोंड करून बसली होती.

"आले?"

"नाही गं. काहीच उमटलं नाही."

"एकही नाही?"

"फार जुने झाले होते रोल. समुद्राची खारी हवा, दमटपणा…"

"दमटपणा?" आई ताडकन म्हणाली. "माझ्या घरात? एक वर्ष चुकवलं नाही मी ऊन द्यायला!"

आई थोडा वेळ बाळाच्या कपाळावरचं जावळ मागे सारत राहिली.

"रिकामेच होते ते," ती सावकाश म्हणाली. "रडू नये म्हणून पोरीच्या हातात खुळखुळा दिला तिने. आणि मी बावळट चाळीस वर्षं तो वाजवत बसले."

"आई, असं नको गं म्हणूस."

"मग कसं म्हणू? माझ्याकडे बघून सांग. रिकामेच होते, असंच म्हणाला ना तो?"

नातीने आईच्या हातांकडे पाहिलं. खरं सांगितलं तर आजी खोटी ठरणार नव्हती, पण मग हे हात कुठे ठेवायचे ते आईला उरल्या आयुष्यात कळलं नसतं.

"हो," ती म्हणाली.

आईने मान डोलावली. रडली नाही. बाळ दुधासाठी कुरकुरू लागलं तसं ते नातीकडे दिलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला, मग तिचा.

"ही मोठी झाल्यावर हिला तुझ्या आजीबद्दल काही सांगत बसू नकोस हं. सांगण्यासारखं आहे काय?"

"बरं," नात म्हणाली.