रोखलेला श्वास

बसा जावईबापू, पाय शेगडीपाशी घ्या. उद्यापासून तुम्ही आमच्या कारखान्यात, म्हणून एक गोष्ट सांगतो. गोड नाही, आधीच सांगून ठेवतो.

राळ वितळवून आम्ही धागा ओढतो. तो कच्चा धागा असा, की त्याच्यापुढं कोळ्याचं जाळं परवडलं. ताटात मांडताना श्वास लागला तरी तुटतो. म्हणून आमच्याकडं सगळे श्वास रोखूनच वाकतात, सवयच पडते. मग तो गरम हवेत राठ करायचा, नि शेवटी नायट्रोजनच्या भट्टीत भाजायचा. तिथं त्याचा दगड होतो, विमानाच्या इंजिनातली आग सोसणारा.

इसाओ कुवाबारा भट्टीवर, त्याची बायको तोमिए धागा मांडायला. श्वास रोखण्यात इसाओचा हात धरणारा कुणी नव्हता. मला म्हणायचा, "नोझाकी, तू वाकलास की बैल धापा टाकतोय वाटतं!"

एकदा काय झालं, भट्टीच्या तोंडाशी जी खोली आहे ना, तिथं रुळावर एक ताट तिरपं अडकलं. खोलीत नुसता नायट्रोजन. त्याला वास नाही, रंग नाही, गुदमरल्यासारखंसुद्धा होत नाही, पण एकदोन श्वासांत माणूस आडवा. आधी हवा सोडायची, खोली भरेपर्यंत बराच वेळ थांबायचं, मगच शिरायचं, असा नियम. पण हवा सोडली की अख्खा घाणा वाया. त्यात ते ताट तोमिएनं मांडलेलं.

"चार पावलं तर आहेत," इसाओ म्हणाला. "श्वास रोखून जातो नि येतो."

"अहो, मरू दे ते ताट. मी दुसरं मांडीन की," तोमिए म्हणाली.

"गप गं. तुझ्या हातचं आहे."

"अरे गाढवा, हवेचा मुखवटा तरी घाल!" मी ओरडलो, तोवर हा आत. दार मागं आपोआप लागलं.

काचेतून दिसत होतं. ताट निघेना. त्यानं जोर लावला, तशी छातीतली हवा सुटली, नि छातीनं आपसूक दुसरा श्वास ओढला. संपलं. उभ्या उभ्या झोप लागावी तसा खाली बसला.

तोमिए दाराकडं झेपावली. मी तिला कमरेत धरलं.

"सोड मेल्या! मलापण श्वास रोखता येतो!"

"त्यालापण येत होता, पोरी!"

माझ्या मनगटाला कडकडून चावली. मी सोडलं नाही. भट्टीवरचा आमचा दुसरा गडी मुराता हवेचा मुखवटा आणायला पळाला होता, पार खात्याच्या दुसऱ्या टोकाला. तो येईपर्यंत आम्ही दोघं काचेतून इसाओकडं बघत होतो.

मुरातानं त्याला बाहेर ओढलं. उपयोग नव्हता.

तोमिए अजून तिथंच धागा मांडते. माझ्याशी बोलत नाही. सगळ्यांना सांगते, "नोझाकीनं सोडलं असतं तर माझा नवरा वाचला असता." तुम्हाला तिच्याच हाताखाली शिकायचंय. तुम्हालाही ऐकवेल, मला शिव्या घालेल. तेव्हा एवढं करा जावईबापू, माझी बाजू घेऊ नका. नुसतं हो म्हणा, नि तिला बोलू द्या.