फळी कुणी वर सरकवली?

बुटांच्या त्या दुकानात जमिनीपासून थेट छतापर्यंत खोकी रचलेली असायची, तरी दुकानात शिडी नव्हती. गरजच नव्हती. बूट विकायला उभा असलेला माणूसच शिडी होता. मालक, गिऱ्हाइकं, शेजारचा घड्याळवाला, सगळे त्याला शिडी म्हणत. साठी ओलांडल्यावर लोकांनी आदरानं त्याचा शिडीकाका केला. अगदी वरच्या फळीवरचं खोकं तो टाचा न उचलता, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता अलगद काढायचा आणि बघणाऱ्यांच्या कौतुकानं मनातल्या मनात आणखी चार बोटं उंच व्हायचा.

एका सकाळी एका बाईंनी लांब बूट मागितले. शिडीकाकांनी सवयीनं हात वर केला. बोटं फळीच्या कडेला लागली, खोक्याला नाही. त्यांनी टाचा उचलल्या, बोटांनी खोकं ओढलं, आणि ते धाडकन त्यांच्या डोक्यावर आलं. बाई हसू दाबत दुसऱ्या दुकानात गेल्या.

"सुतारानं फळी वर सरकवलीय," काकांनी निकाल देऊन टाकला. मागच्याच महिन्यात सुतारानं सगळ्या फळ्या काढून घट्ट बसवल्या होत्या, त्यामुळे आरोपी शोधायला लांब जावं लागलं नाही.

सुतार आला तो तणतणतच. "काका, मी स्क्रूसुद्धा जुन्याच भोकांत पिळलेत! आता फळीलाच पाय फुटले असतील तर मला माहीत नाही."

"मग माझा हात पुरत नाही तो कसा?"

"ते हाताला विचारा!"

खरं तर अलीकडे काकांना सगळं जगच आपल्याविरुद्ध उठल्यासारखं वाटत होतं. धोब्यानं पँट ओढून लांब केली होती, ती चालताना टाचेखाली यायची. घर रंगवताना रंगाऱ्यानं आरशाचा खिळा वर ठोकला होता, त्यामुळे दाढी करताना हनुवटी आरशात मावायची नाही. त्यात भर म्हणून दोनेक महिन्यांपूर्वी गमबुटांचं खोकं उचलताना पाठीत मधोमध अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. "चमक भरली, दुसरं काय!" म्हणून त्यांनी मलम चोळून घेतलं. कळ गेली, पण ठणका मागे राहिला होता.

सुताराशी हमरीतुमरी चालली असतानाच काकू डबा घेऊन आल्या. काकूंनी जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय त्या निकाल देत नसत. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, डबा टेबलावर ठेवला आणि नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, जरा सरळ उभे राहा."

"उभाच आहे की."

"हेच सरळ?" काकू त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "लग्न झाल्यापासून तुमच्याशी भांडायचं तर मला मान वर करावी लागायची. मान अवघडते म्हणून कितीतरी भांडणं मी अर्ध्यावर सोडून दिली. हल्ली मी भांडणं पूर्ण करते. असं का, ते आत्ता कळलं."

सुतार फिस्सकन हसला.

"धोबी चुकला, रंगारी चुकला, सुतार चुकला," काकू म्हणाल्या. "सगळं जग एकाच वेळी वर कसं जाईल? तुम्ही खाली आलात. उद्या डॉक्टरांकडे जायचं."

डॉक्टरीणबाई वयानं लेकीसारख्या होत्या, पण प्रश्न सासूसारखे विचारत होत्या. दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या किती वर्षं घेताय? बरीच वर्षं. दूध, अंडी? आवडत नाहीत. उन्हात फिरणं? दुकानात कुठलं ऊन! सिगारेट?

"सोडली."

"कधी?"

"सोडतोच आहे," काका म्हणाले, आणि काकूंकडे बघायचं त्यांनी टाळलं.

"घरात कुणाला पोक आलं होतं? कुणाचं खुब्याचं हाड मोडलं होतं?"

यावर मात्र काकांची गाडी अडली. वडील शेवटी शेवटी इतके वाकले होते की समोरच्याचं तोंड त्यांना दिसायचं नाही. ते माणसं पायांवरून ओळखायचे. एकदा अंगणात नुसते कलंडले काय, आणि खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळले. "म्हातारपण, दुसरं काय," असं तेव्हा सगळेच म्हणाले होते.

पाठीचा एक्स-रे काढला, हाडांची घनता मोजली. रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, ती चमक नव्हती. तुमचा एक मणका दबून मोडलाय. त्याच्या वरचाही चेपलाय, तो तर तुम्हाला कळलासुद्धा नाही. हाडं ठिसूळ झालीत."

"पण हे तर बायकांना होतं ना?"

"बायकांना जास्त होतं. पण पुरुषांना होत नाही असं हाडांना कुणी सांगितलेलं नाही."

काका घरी आले. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी पायांतले बूट काढले आणि त्यांच्याकडेच बघत राहिले. "माझं बाबांसारखं होणार," ते हळूच म्हणाले.

काकू शेजारी टेकल्या. "बाबांना वेळेवर कुणी सांगितलंच नाही. तुम्हाला सांगितलंय. आता हट्ट केलात तर खापर बाबांवर फोडू नका, एवढंच."

मग उपचार सुरू झाले. दम्याच्या गोळ्या मनानं बंद करायच्या नव्हत्या. डॉक्टरीणबाईंनीच त्या बेतानं कमी करत आणल्या आणि श्वासातून ओढायचं औषध वाढवलं. सिगारेट सुटली, या खेपेला खरोखर. हाडांसाठी आठवड्यातून एक गोळी: उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. हा अर्धा तास काकूंनी बरोबर हेरला. वर्षानुवर्षं साठलेलं सगळं त्या तेव्हा सांगायच्या आणि काकांना आडवं होऊन डोळे मिटायचीही सोय नसायची.

जड उचलायचं नाही, कमरेत वाकायचं नाही, असं ठरल्यावर मालकांनी शिडी आणली आणि काकांना गल्ल्यावर बसवलं. पहिले काही दिवस काकांनी त्या शिडीकडे सवतीकडे बघावं तसं पाहिलं. पुढं त्यांना नवा छंद लागला. पन्नाशीपुढचं गिऱ्हाईक आलं की ते विचारायचे, "ताई, हा तळ घसरतो, दुसरा जोड बघा. आणि उंची पूर्वीएवढीच आहे ना?" एक ताई भडकून निघून गेल्या. दुसऱ्या मात्र सरळ डॉक्टरांकडे गेल्या.

असं गिऱ्हाइकांना विचारता विचारता एका संध्याकाळी काकांच्या डोक्यात उजेड पडला. घरी समोर काकू भाजी निवडत होत्या, काडीसारखं मनगट हलवत.

"तुझं गर्भाशय नि अंडाशयं काढायचं ऑपरेशन चाळिशीतच झालं होतं. पाळी तेव्हाच गेली."

"मग?"

"मागच्या वर्षी न्हाणीघरात पडलीस, मनगट मोडलं."

"फरशी ओली होती!"

"ओल्या फरशीवर पोरं रोज पडतात. सगळ्यांची मनगटं मोडतात का? आणि वजन बघ तुझं, पिशवीत घातलं तर पिशवी उडेल. उद्या तपासणी."

"मला काही झालेलं नाही."

"मीही हेच म्हणत होतो," काका म्हणाले. काकू जास्तच चिडल्या. पण तपासणीला गेल्या.

त्यांचीही हाडं विरळ झालेली निघाली, मात्र मणके शाबूत होते. वेळेवर आलात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा काका खुर्चीत असे ताठ बसले की जणू शोध त्यांनीच लावला. वर्षानं दोघांची पुन्हा मोजणी झाली. काकूंची हाडं किंचित सुधारली होती. काकांची झीज थांबली होती. गेलेली उंची काही परत यायची नाही, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं.

आता रोज सकाळी दोघं कोवळ्या उन्हात फिरून येतात आणि मग स्वयंपाकघरातला ओटा धरून, तोल सुधारावा म्हणून, एका पायावर उभी राहतात. कोण जास्त वेळ टिकतं यावरून रोज वाद. परवा ऐन रंगात दाराची घंटा वाजली.

"जा की, उघड," काका म्हणाले.

"तुम्ही जा. पाय आधी कुणी टेकवायचा?"

घंटा पुन्हा वाजली. बाहेर दूधवाला होता. "अहो, कुणी आहे का घरात?" त्यानं हाक मारली.

"आहोत!" दोघं एका सुरात ओरडली, आणि जागची हलली नाहीत.