अभ्यासदौऱ्याहून आणलेला चाकू

दूध पावडर, एक किलो. पाणी, चार लिटर.

विमानतळावरचा फोटो. चौदा जण, चौदा निळे टी-शर्ट, अठ्ठावीस अंगठे वर.

माझी अक्कलदाढ, मुळासकट.

टोमॅटोची झाडं, दोनशे बारा.

अहवालातलं वाक्य: 'या दौऱ्याने आमच्या ज्ञानाच्या कक्षा रुंदावल्या.'

एक चाकू. घडीचा, लाल मुठीचा.

आता सांगते, यांचा एकमेकांशी काय संबंध.

दोनशे बारा झाडं माझी होती. मी कृषी महाविद्यालयात पीएच.डी. करते. मर रोग लागला की टोमॅटोचं उभं झाड दुपारी मान टाकतं आणि आठवड्यात संपतं. मी मुद्दाम रोगट मातीत रोपं लावायची. जी जगतील त्यांचं बी धरायचं, ते पुन्हा त्याच मातीत पेरायचं. पाच वर्षं हेच केलं. यंदा पहिल्यांदा एकही झाड मेलं नव्हतं. फळं पिकायला पंधरा दिवस उरले होते. बी हाती आलं की प्रबंध पुरा. मागच्या पिढीचं बी? सगळं पेरून टाकलं. सर म्हणाले होते, "जास्त झाडं, जास्त आकडे. कंजूषपणा कशाला?"

सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. दरवर्षी ते मुलांना दोन आठवडे परदेशी विद्यापीठात घेऊन जातात. परत आलेल्याने आठवड्याभरात इथे प्रात्यक्षिक द्यायचं, असा नियम आहे. यंदा ते एका ज्युनिअरने दिलं. त्याला सगळे पासपोर्ट म्हणतात, कारण पासपोर्ट आल्यावर महिनाभर तो शर्टाच्या खिशात घालून हा कँटीनमध्येही फिरत होता. बगलफुटी, म्हणजे पानांच्या बेचक्यातले जादा कोंब, काढून दाखवण्याचं प्रात्यक्षिक माझ्या झाडांवर झालं. फोटोत छान दिसतात म्हणून. मी त्या दिवशी दाढ काढायला गेले होते.

नऊ दिवसांनी पॉलिहाउसचे माळीकाका मला हाक मारून म्हणाले, "ताई, शेंड्याची पानं बघ बरं. दोऱ्यासारखी झालीत."

शेंड्याला पानं आकसलेली. खाली हिरव्यावर पिवळे चट्टे. मर रोग नव्हे. व्हायरस. याला औषध नाही, आणि तो बियातूनही जातो. झाड उपटायचं आणि जाळायचं, फळांसकट.

मी पासपोर्टला बोलावलं.

"तिकडे पहिल्या दिवशी काय शिकवलं रे?"

"हात धुवायला, ताई." तो हसला. "खरंच! दूध पावडरच्या पाण्यात. दर झाडाआधी हात आणि चाकू बुडवायचा. व्हायरस पसरू नये म्हणून. त्यावर परीक्षा पण होती."

"किती पडले?"

"वीसपैकी वीस."

"मग इथे बगलफुटी काढून दाखवताना कशात बुडवलास?"

"इथे बादली कुठे होती? मी विचारलं सरांना. ते म्हणाले, उशीर होतोय, आपल्याकडे कुठे असलं काही असतं?"

"चाकू दाखव."

त्याने खिशातून काढला. तिकडे प्रत्येकाला भेट मिळाला होता. पात्यावर काळपट हिरवा डाग.

"हा कसला?"

"तिकडच्या झाडाचा रस. शेवटच्या दिवशी आम्हाला आजारी झाडांच्या खोलीत नेलं होतं, तिथे कापायला दिलं. पुसला नाही ताई. आठवण म्हणून."

आठवण म्हणून. माझ्या तोंडात अजून टाके होते, म्हणून त्या दिवशी मी ओरडू शकले नाही. त्याच्या चेहऱ्याचा रंग मात्र हळूहळू उतरत गेला. वीसपैकी वीस मिळवणारा होता. कळायला वेळ लागला, पण कळलं.

सरांना कळायला वेळ लागला नाही. त्यांना आधीच कळलं होतं.

"दोन दिवस गप्प बस," ते म्हणाले. "परवा तिकडच्या विद्यापीठातल्या मॅडम येतायत. पाच वर्षांचा करार आहे. झाडांपुढे पाटी लाव, उन्हाचा ताण."

"शेजारच्या पॉलिहाउसमध्ये मिरची आहे सर. तिलाही होतो हा. आणि काका दोन्हीकडे काम करतात."

"काकांना दोन दिवस रजा दे."

"आणि माझी झाडं?"

"अगं, एक हंगाम गेला. आभाळ कोसळलंय का? तू ना, सगळं फार मनाला लावून घेतेस. जरा संस्थेचा विचार करायला शीक."

पाच वर्षांचा एक हंगाम असतो, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्याही ज्ञानाच्या कक्षा रुंदावल्या.

पाटी मी लावली नाही. दुकानातून दूध पावडर आणली. मॅडम येणार त्या दिवशी सकाळी काका आणि मी उपटायला लागलो. पासपोर्ट न बोलावता आला. मी त्याला आत घेतलं नाही. दाराशी बसून पिशव्यांची तोंडं बांध म्हटलं. त्याने बांधली. फळं कच्ची, हिरवी, मुठीएवढी. काका प्रत्येक झाडाला "चल बाबा" म्हणत होते. शेवटी मीच म्हटलं, "काका, गप्प बसा हो."

दहा वाजता सर पाहुण्यांना घेऊन आले. मॅडमपुढे हसत होते. मला पाहून हसू गोठलं.

"कोणाला विचारून उपटलंस?"

"आधी हात बुडवा, सर."

"काय?"

"आत यायचंय ना? बादली इथे आहे. परदेशी पद्धत आहे. पासपोर्टला विचारा, तो सांगेल कशी करतात."

मॅडमने बादलीकडे पाहिलं, रिकाम्या वाफ्यांकडे पाहिलं, आणि फोटो काढला. बादलीचा. सरांनी कोटाची बाही वर न करताच हात बुडवले. दूध कोपरापर्यंत चढलं. मला वाटलं होतं, बरं वाटेल. नाही वाटलं. मी सगळ्यांना सांगितलं, काय झालं, कोणाच्या चाकूने, कोणाच्या परवानगीने, आणि पाटीवर काय लिहायचं ठरलं होतं. मोठ्याने सांगितलं. मॅडमला समजेल अशा भाषेतही सांगितलं. टाके तुटले. तोंडात रक्ताची चव आली, तरी सांगत राहिले.

दुपारी करार झाला. पुढच्या वर्षी वीस जण जाणार आहेत.

माझी शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपते.

पाच वर्षांपूर्वी पहिली चार रोपं मी जेवणाच्या डब्यात लावली होती, कारण विभागाकडे कुंड्या नव्हत्या.