दमाची पट्टी

डाव्या जॉयस्टिकवरचं रबर आता जवळजवळ गेलंच होतं, अंगठ्याखाली नुसतं प्लास्टिक लागत होतं, आणि मधेच एक बारीक धार… नवा कंट्रोलर घे म्हणून त्याची बायको वैदेही वर्षभर मागे लागली होती, पण केयूरला वाटायचं, हे झिजलंय ते माझ्याच अंगठ्यानं, दुसऱ्या कुणाच्या हाताला ते बसायचं नाही. ऑफिसला जाण्याआधी व्हिडिओ गेमवर फुटबॉलची एक मॅच. एकच, असं तो तिला रोज सांगायचा, आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत चहाचं पार पाणी झालेलं असायचं. आज त्याचा मिडफिल्डर दुसऱ्या हाफमध्येच रखडायला लागला, नावाखालची दमाची पट्टी तांबडी झाली. केयूरने बटण दाबून त्याला बाहेर घेतलं आणि ताजा गडी आत पाठवला. किती सोपं! बाहेर जाणारा मान खाली घालून दोन पावलं चालतो आणि पडद्यावरून नाहीसा होतो. पुढे बाकावर बसून तो काय करतो, हे खेळात कुणी दाखवत नाही.

हा विचार केयूरला आवडला नाही. कालपासून असले विचार न बोलावता येत होते.

काल त्याने इंद्रजीतला काट्याच्या कामातून काढलं होतं. काढलं — छे, मोकळं केलं. वाळूजच्या एका कारखान्यासाठी त्याची टीम सॉफ्टवेअर करत होती: ट्रक रिकामा आत येतो, भरून बाहेर जातो, दोन्ही वेळा वजनकाट्यावर चढतो आणि आकडा आपोआप कॉम्प्युटरवर उमटतो. हा काट्याचा भाग सगळा इंद्रजीतने उभा केलेला. उद्या सकाळी कारखान्यात जाऊन तो चालू करायचा होता. पण महिन्यापूर्वी इंद्रजीतच्या वडिलांना पक्षाघात झाला, पोरगा गंगापूरहून एसटीने जाऊन-येऊन करू लागला, डोळे तारवटलेले, डबा अर्धा तसाच… आणि केयूरला त्याच्या नावाखाली ती तांबडी पट्टी स्वच्छ दिसली. म्हणून कालच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर, अगदी मायेने तो म्हणाला, "इंद्रजीत, तू आता घरी लक्ष दे. वाळूजला श्रेया जाईल."

श्रेया नवी, हुशार. तिचा चेहरा उजळला. इंद्रजीत "बरं सर" म्हणाला. आणि केयूरला — खरं सांगायचं तर — स्वतःचंच कौतुक वाटलं. असा मॅनेजर आपल्याला कधी मिळाला नाही, असंसुद्धा वाटून गेलं. शहाण्या!

क्रांती चौकातून ऑफिसकडे वळताना तो स्वतःला समजावत होता, की बरं म्हणाला म्हणजे बरंच वाटलं असणार. पण दुपारी खालच्या टपरीवर इंद्रजीत शेजारी येऊन उभा राहिला, आणि केयूरने सवयीने विचारलं, "वडील कसे आहेत?"

"हायेत."

चहावाल्याने दोन ग्लास पुढे केले. इंद्रजीतने एक उचलला, प्याला मात्र नाही.

"सर, एक बोलू का? राग मानू नका. घरी गेलो की जो तो इचारतो, कसं हाय आता. एसटीत पण इचारतेत. मी काय सांगू? हितं तसं नाय. काट्यावर आकडा बरोबर आला तर बरोबर, नाय आला तर चूक. तेवढंच एक लई बरं वाटायचं." मग ग्लास तसाच ठेवत म्हणाला, "त्या कारखान्याच्या गेटावरूनच माझी एसटी जाती, सर. रोज."

तो जिना चढून गेला. केयूर तिथेच. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं हसण्यावारी न्यावं म्हटलं, तर हसू काही येईना… कारण नाकात एकदम संत्र्याच्या सालीचा वास भरला, आणि टपरीवर तर संत्रं नव्हतंच.

आमखास मैदान. मी नववीत. आईला दवाखान्यात ठेवलेलं. घरात बाबा हळू बोलायचे, शेजारणी हळू बोलायच्या, मला पाहून सगळ्यांच्या माना एकाच बाजूला कलायच्या. आणि मी फक्त शनिवारच्या शाळेच्या फुटबॉल मॅचची वाट पाहत होतो, तिथे ओरडायला मिळेल, कुणीतरी पायात पाय घालून पाडेल, गुडघा फुटेल — कुठेतरी फुटायलाच हवं होतं. पण आमचे खेळाचे सर आले, पाठीवरून हात फिरवला. "तू आज बस, बाळा. दमला असशील." हाफटाइमसाठी संत्र्यांची पिशवी माझ्या मांडीवर दिली. अख्खी मॅच मी संत्री सोलत बसलो. सर फार चांगले होते. आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगेन. पण त्या हाताखाली मी आतल्या आत किती ओरडत होतो…

आई त्यानंतर घरी आलीच नाही. संत्रं मात्र वैदेहीने सोलून हातावर ठेवलं, तरी तो अजून टाळतो.

संध्याकाळी तो पुन्हा कंट्रोलर घेऊन बसला. तोच मिडफिल्डर, पुन्हा तांबडी पट्टी. केयूरचा अंगठा बटणावर गेला आणि तिथेच राहिला. खेळू दे. धापा टाकत का होईना, त्याचं त्याला ठरवू दे… पण उद्या सकाळी श्रेया गाडीत बसणार. तिचं काय? तिने आईला फोन करून सांगितलंच असेल. तिला कुठल्या तोंडाने बाकावर बसवू?

"कालपासून कुणाशी भांडतोयस मनातल्या मनात?" वैदेहीने विचारलं. "जो कुणी असेल, त्याला फोन कर."

मॅच थांबवून त्याने फोन लावला. पलीकडे एसटीचा खडखडाट.

"हां सर, बोला. गाडीत हाय."

'वडील कसे आहेत' हे शब्द सवयीने ओठांवर आले. केयूरने ते गिळले. माफीचं एक लांबलचक वाक्य तयार होतं, तेही आठवेना.

"इंद्रजीत," तो म्हणाला, "ट्रक काट्यावर जरा वाकडा उभा राहिला, तर आकडा बरोबर येतो का रे?"

 पलीकडून आवाज आला, जरा मोठा, जरा चिडका, महिन्याभरात न ऐकलेला.

"कसा येईल सर? सगळी चाकं काट्यावर पाहिजेत ना! थांबा, सांगतो नीट…"

तो सांगू लागला. श्रेयाला काय सांगायचं, हे केयूरला अजून कळलं नव्हतं. दुपारपासून नाकात राहिलेला संत्र्याचा वास मात्र आता तितका नकोसा वाटत नव्हता. फोन कानाशी घट्ट धरून तो ऐकत राहिला.