चार बोटं जास्तीचं कापड

होय मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. खांद्याला अडकवायची, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची. हे सांगताना मी मान खाली घालणार नाही.

दुकानांवर उन्हासाठी जाड कापड लावतात ना, त्याच्या उरलेल्या तुकड्यातून माझा जन्म झाला. मला शिवणाऱ्या बाईंचा एक हट्ट होता. फ्रॉक असो की उशीचा अभ्रा, आतून चार बोटं कापड जास्तीचं सोडायचं. माझ्या तळालाही त्यांनी ते सोडलं. त्यांचे यजमान हसले, "अगं, पोरगी वाढेल. पिशवी कशी वाढेल?"

"वाढणार नाही, पण फाटेल की कधीतरी," असं म्हणत त्यांनी माझ्या आतल्या कप्प्यात दोरा ओवलेली सुईही टोचून ठेवली.

मी त्यांच्या मुलीची. आठ वर्षं तिची वह्या-पुस्तकं वाहिली. डबा सांडला तो मी प्यायले, पण एक वही खराब होऊ दिली नाही. तेव्हा सगळ्या वर्गाला माझा हेवा वाटे. मग मुलगी मला घेऊन परदेशी शिकायला गेली आणि मी तिथल्या वसतिगृहातल्या पलंगाखाली गेले. वर्षभर कुणी विचारलं नाही.

एका शुक्रवारी तिने मला ओढून काढलं. तिथल्या गारठ्याला कंटाळून ती मैत्रिणीबरोबर दोन दिवसांसाठी विमानाने निघाली होती, दुसऱ्याच देशातल्या एका गरम, समुद्रकाठच्या शहरात. मैत्रीण चाकांची चकचकीत बॅग ओढत आली. "हे काय, कुणाच्या दुकानाचं छप्पर उतरवून आणलंस?"

मुलगीही हसली. टोमण्यापेक्षा मला तिचं हसणंच जास्त लागलं.

शनिवारी त्या शहरात घामाच्या नुसत्या धारा. मुलीने माझ्यात ओले टॉवेल, शिंपले आणि पाण्याच्या तीन बाटल्या कोंबल्या. शेवटी भर बाजारात माझा तळ फाटला आणि सगळा संसार रस्त्यावर आला. मैत्रीण पोट धरून हसत खालीच बसली. "टाक बाई आता. उद्या नवी घेऊ."

खोलीवर येऊन मुलीने मला कचऱ्याच्या डब्यावर ठेवलं आणि घरी फोन लावला. "आई, पिशवी फाटली गं. टाकून देतेय."

पलीकडे शिवणयंत्राची खडखड थांबली. "लाज वाटत असेल तर टाक," आई म्हणाली. "फाटली म्हणून टाकू नकोस. फाटण्याची सोय मी करून ठेवलीय."

मुलीने फोन ठेवला आणि मला डब्यावरून उचललं.

रविवारी सकाळी मैत्रीण दारात उभी राहिली. "चल ना, संध्याकाळी विमान आहे. समुद्र काय तिकडे मिळणारे?"

"तू हो पुढे."

मुलगी मला घेऊन सज्जात बसली. तिने मला उलटं केलं. सुई जागेवरच होती, जरा गंजलेली. आणि आत ते चार बोटं कापड होतं, ऊन न पाहिलेलं, नव्या पालवीसारखं हिरवं. तिने ते बाहेर काढून फाटक्या जागेवर दुमडलं. टाके वाकडे पडत होते. तिने दोनदा उसवले. बोटात सुई गेली तरी ती उठली नाही. दोन दिवसांची सहल, त्यातली अख्खी सकाळ तिने मला दिली.

संध्याकाळी विमानतळावर त्या चकचकीत बॅगेच्या चाकांत वाळू अडकली होती. मैत्रीण तिला तान्ह्या बाळासारखं कडेवर घेऊन चालत होती. तरी माझ्याकडे बघून म्हणालीच, "तळाचा रंग वेगळा दिसतोय गं. ती बाजू आत धर, लपेल."

"लपवायला नाही शिवलं," मुलगी म्हणाली, आणि तिने ती हिरवी पट्टी मुद्दाम पुढे केली.

मित्रांनो, मला जपा म्हणून मी हात जोडणार नाही. एवढंच सांगते, घरातलं काही जुनं टाकायची वेळ आली तर आधी ते उलटं करून पाहा. तुमच्यासाठी कुणी आत कापड सोडलेलं असेल. तरीही टाकायचंच असेल, तर खरं कारण सांगून टाका. फाटल्याचं निमित्त सांगू नका. मी अजून तीन बाटल्या उचलते.