एका बाजूचा रुपया

"भारत सरकारची टाकसाळ चुकत नाही. आणि चुकलीच, तर ती चूक शेवटी जे. पी. नगरात माझ्याच हाती लागते!" भीमाचार्यांनी ही घोषणा केली तेव्हा त्यांच्या हनुवटीला खोबऱ्याची चटणी लागली होती, त्यामुळे इतिहास जरा खोळंबला.

चटणी पुसून त्यांनी रुपया टेबलावर ठेवला. एका बाजूला सिंह लखलखीत, दुसरी बाजू कोरी. ना आकडा, ना साल. भोवती जमलेल्या नाणेसंग्राहक मंडळाचे ते परीक्षक. सभासदाने आणलेलं नाणं टाकसाळीतच चुकलेलं की बाहेर येऊन बिघडलेलं, हे ते सांगत आणि लोक ऐकत. निवृत्तीनंतर त्यांचं ऐकून घेणारी तेवढीच एक जागा उरली होती.

गेल्या वर्षी त्यांनी दामोदरअण्णांचं नाणं "पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत व्हाइसच्या पकडीत चेपलेलं" म्हणून सगळ्यांदेखत उडवलं. अण्णांचा कारखाना त्याच वसाहतीत. तेच अण्णा आज भिंग घेऊन समोर बसले होते.

"आचार्य, हे झिजलेलं निघालं तर?"

"तर परीक्षकाची खुर्ची सोडली!" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

नुकतीच पुण्याहून आयटीत आलेली संपदा छोटा वजनकाटा काढत म्हणाली, "काका, टेस्ट नेमकी काय करायची?"

"सोपं आहे. ठसा बसलाच नाही तर धातू जाईल कुठे? वजन पुरं भरणार. झिजलं असेल तर धातू गेला, वजनही गेलं."

काट्यावर आधी त्याच जातीचा साधा रुपया चढला. अण्णांनी भिंग खाली ठेवलं.

"हे सापडलं कुठे?"

"आमच्या देवघरात. वडिलांपासून पूजेत आहे. मोतीबिंदू काढल्यावर परवा नीट पाहिलं, तर हे!"

"पूजेत म्हणजे रोज घासता?"

"रोज! चिंच, वर राखुंडी. तापात पडलो तरी खाडा नाही."

"दोन्ही बाजू?"

"छे! राजमुद्रेला घासणी लावू? सरकारी नोकरी केलीय मी!"

भीमाचार्यांना आपलंच वाक्य पुन्हा ऐकू आलं, आणि या खेपेस ते नीट कळलं.

संपदाने कोरा रुपया काट्यावर ठेवला. आकडा थरथरला, खाली आला, थांबला. चांगलाच कमी. तिने काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पटकन म्हणाली, "काका, हा काटा कधीकधी चुकीचं दाखवतो हं. बॅटरी लो असेल."

सुटकेचं दार उघडं होतं. फक्त "हो" म्हणायचं. खुर्ची राहिली असती. दामोदरअण्णा नुसते बघत होते. भीमाचार्यांनी रुपया काट्यावरून उचलला.

"बॅटरी ठीक आहे," ते म्हणाले. "टाकसाळीचा दोष नाही. झीज आहे. मीच केलेली."

ते उठले. खुर्ची करकरली. अण्णाही उठले, टेबलाला वळसा घालून अगदी जवळ आले. आता वर्षभराचा हिशेब चुकता होणार म्हणून भीमाचार्यांनी डोळे मिटले.

"आचार्य," अण्णा कानाशी आपल्या कानडी वळणाच्या मराठीत कुजबुजले, "आमच्या घरच्या दोन समया अगदी काळ्या पडल्यात. स्वल्प घासून द्याल का?"