पुसून टाकता येईल असा सर्वर

सर्वर सांभाळायचं काम शिकायला समीक्षानं भाड्यानं एक सर्वर घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिच्या दादाचं, प्रफुल्लचं, डोकंच फिरलं. भिलाईतल्या एका ऑफिसचा सर्वर तोच सांभाळायचा.

"भाड्यानं कावून घेऊन राहिली? आमच्या ऑफिसचा आहे ना! फुकट शीक," म्हणत त्यानं पासवर्ड तिच्या मोबाइलवर पाठवूनही दिला.

पण ऐकेल ती समीक्षा कसली! तिनं सगळ्यात लहान, स्वस्तातला सर्वर निवडला. सगळं पुसून नव्यानं सुरू करायची सोय आहे ना, एवढंच तिनं बघून घेतलं.

पहिल्याच संध्याकाळी नको त्यांना बाहेर ठेवणारी फायरवॉल लावताना तिनं स्वतःचीच वाट बंद केली. सर्वर काही केल्या तिला आत घेईना. जेवता जेवता दादा ठसका लागेस्तोवर हसला. "घे, अजून सस्तावाला घे!"

समीक्षानं सगळं पुसून टाकायचं बटण दाबलं. दादाचा वरणभात संपायच्या आत सर्वर कोरा होऊन पुन्हा उभा राहिला.

"दादा, हेच मी तुया ऑफिसच्या सर्वरवर केलं असतं, तं तू आता असा आरामात जेवत बसला असता का?"

दादानं हात धुतले आणि आधी ऑफिसचा पासवर्ड बदलला.